घड्याळाशेजारचा कोनाडा

जुन्या वाड्यांच्या भिंतींना कोनाडे असत. दिवा ठेवण्यासाठी भिंत बांधतानाच सोडलेली ती एक छोटीशी पोकळी. पण घरात माणसे नांदू लागली की कोनाड्यात नुसता दिवा कधीच राहत नसे. किल्ल्या, काड्यापेटी, सुईदोरा, औषधाची पुडी, पोस्टाचे पाकीट, सुतळीचा गुंडा, ज्याला जे हाताशी हवे ते तो तिथे ठेवून मोकळा होई. काही दिवसांनी दिव्यालाच जागा उरत नसे. मग दिवाळीच्या आधी घरातली कर्ती बाई तो कोनाडा रिकामा करी, आणि पाडव्यापासून तो पुन्हा भरू लागे.

संगणकाच्या पडद्यावरही असाच एक कोनाडा आहे. तुमच्या घरातला संगणक विंडोजवर चालत असेल तर खाली उजव्या हाताला पाहा. घड्याळाच्या शेजारी काही चिमुकली चित्रे मांडून ठेवलेली दिसतील. एक कर्णा आवाजाचा, एक पंखा इंटरनेटचा, एक बॅटरीचा. शेजारी वर तोंड केलेला एक बाण. त्या बाणावर टिचकी मारली की आतून आणखी चित्रे बाहेर येतात: विषाणूंपासून राखण करणारा, फायली कुठल्या तरी दूरच्या कपाटात नेऊन ठेवणारा, प्रिंटरवाल्या कंपनीचा, गप्पा मारण्याचा, आणि शिवाय दोन-तीन असे, की जे कोण, कुठले, कधी आले हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

या कोनाड्याला संगणकाच्या जगात ‘सिस्टिम ट्रे’ म्हणतात, आणि त्यातल्या चित्रांना स्थिती दाखवणारी चिन्हे. आता तुम्ही म्हणाल, रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायचा हा काय विषय झाला? तिळाएवढी चित्रे असली काय आणि नसली काय! पण गंमत अशी की, या तिळावरून जगातले शहाणेसुरते संगणकतज्ज्ञ वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. एका पक्षाचे म्हणणे, हा कोनाडा बुजवूनच टाकावा. दुसऱ्याचे म्हणणे, घर तुमचे असले तरी राहतो आम्ही. कोनाडा आम्हाला हवा. मी दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर बसून अनुवादाची कामे करते. त्यामुळे या भांडणात मला नुसते बघ्याच्या गर्दीत उभे राहता येत नाही.

सुरुवात दिव्यानेच झाली

२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’ बाजारात आणले. पडद्याच्या तळाशी एक करडी पट्टी, तिच्या डाव्या टोकाला ‘स्टार्ट’ची कळ आणि उजव्या टोकाला घड्याळ, ही आज सवयीची झालेली मांडणी तेव्हा प्रथमच लोकांनी पाहिली. घड्याळाच्या बाजूची जागा सूचनांसाठी राखलेली होती आणि कंपनीच्या कागदोपत्री तिचे नावही ‘सूचनांची जागा’ असेच होते. मग ‘सिस्टिम ट्रे’ हे नाव आले कुठून? मायक्रोसॉफ्टमधले जुने जाणते अभियंता रेमंड चेन यांनी त्याचा उलगडा केला आहे. आवाज, बॅटरी असली चिन्हे त्या जागेत आणून ठेवण्याचे काम ‘सिसट्रे’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करीत असे. लोकांनी त्या प्रोग्रॅमचे नाव जागेलाच देऊन टाकले. अधिकृत नाव कागदावर राहिले आणि हाकेचे नाव जगभर झाले. आपल्याकडे नाही का, जन्मपत्रिकेतले नाव पत्रिकेतच राहते आणि माणूस जन्मभर ‘बाळ’ किंवा ‘बंडू’ म्हणून ओळखला जातो!

कल्पना चांगली होती. बॅटरी किती उरली, आवाज बंद आहे की चालू, छापायला दिलेला कागद प्रिंटरमध्ये अडकला का, या गोष्टी एका नजरेत दिसाव्यात, त्यासाठी खिडक्या उघडाव्या लागू नयेत. म्हणजे कोनाड्यात दिवा. पण जागा मोक्याची होती. पडद्यावर कुठलीही खिडकी उघडा, तो कोपरा सतत डोळ्यांसमोर राहतो. बाजारपेठेत चौकातल्या दुकानाला जो भाव, तोच या कोपऱ्याला. लवकरच प्रत्येक प्रोग्रॅमला तिथे आपली पाटी लावावीशी वाटू लागली. गाणी वाजवणारा आला, छायाचित्रे जुळवणारा आला, ‘नवी आवृत्ती आली आहे हो’ एवढेच सांगण्यासाठी जन्मलेला आला. त्यातल्या कितीतरी जणांना सांगण्यासारखी काही स्थितीच नव्हती. ‘मी आहे’ एवढाच त्यांचा निरोप.

मायक्रोसॉफ्टलाही हे कळत होते. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये फारशी वापरात नसलेली चिन्हे बाणाआड झाकण्याची सोय आली. २००९ च्या ‘विंडोज ७’मध्ये तर बाहेरच्या प्रोग्रॅमची चिन्हे मुळातच आत ठेवायची आणि वापरणाऱ्याने हवे ते बाहेर काढायचे, असा उलटा नियम झाला. म्हणजे कोनाड्याला दार बसवले. पसारा गेला नाही, दाराआड गेला.

ज्यांनी कोनाडा बुजवला

पण सगळ्यात कडक भूमिका घेतली ती फुकट आणि खुल्या संगणकप्रणालींच्या जगाने. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा गाभा लिहायला घेतला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण गाभा म्हणजे घराचा पाया. त्यावर माणसाला वावरता येईल असे दिवाणखाना-स्वयंपाकघर बांधणाऱ्या मंडळी वेगळ्या. त्यातल्या दोन प्रमुख. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मॅथियस एट्रिख याने ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘केडीई’ची हाक दिली. मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ‘ग्नोम’ सुरू केले. या दिवाणखान्यांनाच डेस्कटॉप म्हणायचे. पट्ट्या, खिडक्या, याद्या, चिन्हे, सगळी मांडणी त्यांची.

दोन्ही घरांत कोनाडा होता. एका घरासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या घरातही चालावा म्हणून त्यांनी एक समाईक पद्धतही ठरवली. पण ती पद्धत मोठी विचित्र होती. प्रोग्रॅमने आपली एक इवलीशी खिडकीच आणायची आणि डेस्कटॉपने ती आपल्या पट्टीत जशीच्या तशी चिकटवून घ्यायची. भाडेकरूने येताना स्वतःची खिडकी चौकटीसकट आणावी आणि मालकाने ती भिंत फोडून बसवावी, तसला प्रकार. मग एकाची पार्श्वभूमी पांढरी, एकाची काळी; एकाचे चिन्ह ठळक, दुसऱ्याचे फिकट; नव्या बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर कुणाचे मुंगीएवढे दिसणारे. आणि मालकाला त्याबद्दल काहीही करता येत नाही.

‘ग्नोम’वाल्यांनी याला टप्प्याटप्प्याने रजा दिली. एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ आले तेव्हा ही चिन्हे वरच्या पट्टीतून काढून तळाच्या एका लपणाऱ्या पट्टीत धाडली. २०१५ मध्ये ती पट्टीही गेली आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा कप्पा तेवढा राहिला. सप्टेंबर २०१७ च्या आवृत्तीत तो कप्पाही काढून टाकला. कोनाडा लिंपून भिंत सपाट झाली.

यावर गहजब झाला, हे सांगायला नकोच. ‘उबुंटू’ ही लिनक्सची लोकप्रिय प्रणाली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘ग्नोम’कडे परतली, पण येताना तिने ही चिन्हे दाखवणारी एक जोडपट्टी स्वतःच बसवून दिली. मूळ घरबांधकाने कोनाडा बुजवला. घर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी तिथे एक लाकडी फळी ठोकून दिली.

बुजवणाऱ्यांचे म्हणणे

आता या मंडळींना हेकट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांची कैफियत नीट ऐकली तर तिच्यात तथ्य आढळते.

पहिली गोष्ट आकाराची. विंडोजमध्ये हे चिन्ह पूर्वापार सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिले होते, की लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. कॅरमच्या पटावर बसलेल्या कुणालाही हे पटेल. साठी उलटलेल्या माणसाने, हात किंचित थरथरत असताना, सोळा ठिपक्यांवर माऊसचा बाण नेऊन टेकवायचा म्हणजे परीक्षाच. माझ्या नात्यातले एक आजोबा संगणकाशेजारी भिंग ठेवतात. पोथी वाचण्यासाठी नव्हे. कोपऱ्यातले ढगाचे चित्र कुठले आणि ढालीचे कुठले हे पाहण्यासाठी.

दुसरी गोष्ट वागणुकीची. एका चिन्हावर डावी टिचकी मारली की खिडकी उघडते, दुसऱ्यावर यादी उघडते, तिसऱ्यावर काहीच होत नाही. त्याला उजवी टिचकी लागते. चौथ्याला दोनदा मारावी लागते. एकाच फळीवरच्या चार डब्यांची झाकणे चार तऱ्हांनी उघडावीत, तसे हे. बरे, पाटीही नाही, अंदाजाने उघडायचे.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे लपवाछपवी. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला, अशी आपली साधी समजूत. पण ट्रेमध्ये घुसलेले अनेक प्रोग्रॅम फुलीला दाद देत नाहीत. खिडकी मिटते आणि स्वारी कोनाड्यात जाऊन बसते. स्मृती खाते, बॅटरी खाते, इंटरनेट वापरते. निरोप घेऊन पाहुणे निघाले म्हणून दार लावावे आणि रात्री माळ्यावर त्यांच्या खोकल्याचा आवाज यावा! कोनाड्याची सोय आहे म्हणून प्रोग्रॅम असे वागतात; सोय काढली तर वळणावर येतील, असा बुजवणाऱ्यांचा हिशेब होता. आणि ज्याला खरोखर काही सांगायचे आहे त्याने सूचना पाठवावी, ती पडद्यावर दिसेल आणि जाईल.

शिट्टी आणि ज्योत

इथे मात्र माझे त्यांच्याशी पटत नाही. सूचना आणि स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही तो फरक समजावून सांगावा लागत नाही.

कुकरची शिट्टी ही सूचना. ती होते, आपण ऐकतो, संपली. गॅसची निळी ज्योत ही स्थिती. ती शिट्टी वाजवीत नाही, लक्ष वेधून घेत नाही. पण ओट्यावरून नजर फिरवली की गॅस चालू आहे की बंद हे कळते. ‘शिट्ट्या आहेत ना, मग ज्योत झाकून टाकू,’ असे कुणी म्हणाले तर आपण त्याला ओट्यापाशी उभे करणार नाही. शिट्टी ऐकायला माणूस त्या क्षणी घरात असावा लागतो. ज्योत केव्हाही पाहता येते.

आमच्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातली गोष्ट सांगते. तिथल्या संगणकावर देखभालखर्चाचा हिशेब, सभासदांच्या पावत्या, सभांची इतिवृत्ते सगळे असते, आणि रोज संध्याकाळी त्याची प्रत आपोआप दुसरीकडे जाऊन सुरक्षित राहते. ती गेली की कोपऱ्यातल्या ढगावर हिरवी टिकली येई. काही कारणाने संगणकाची प्रणाली बदलली आणि ढग दिसेनासा झाला. प्रोग्रॅम होता, चालूही होता. पण मध्येच त्याला पासवर्ड पुन्हा हवा होता, आणि तो मागायला त्याच्याकडे तोंडच उरले नव्हते. तीन आठवडे एकही प्रत गेली नाही. लेखापरीक्षणाच्या वेळी जुनी फाईल शोधताना ते उघडकीस आले. नशिबाने मूळ हिशेब शाबूत होता, म्हणून निभावले. कुठली प्रणाली, कुठल्या कंपनीचा प्रोग्रॅम, याला महत्त्व नाही. तिथले हिशेबनीस काका मला जे म्हणाले ते महत्त्वाचे. “ताई, मला त्या ढगातलं काही कळत नाही हो. पण जाताना दिवा-पंखा बंद केला का बघतो ना, तसा मी त्या हिरव्या टिकलीकडे बघून कुलूप लावायचो. टिकली गेली आणि मला वाटलं, आता बघायची गरज नसेल.”

काकांचे हे वाक्य मला फार बोलके वाटते. चिन्ह काढून टाकले म्हणजे काळजीचे कारण संपले, असा अर्थ साधा माणूस घेतो. आणि तो तसा का घेणार नाही?

बुजवण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे काही प्रोग्रॅमांना ट्रे हेच एकमेव दार होते. विंडोजवर कोनाडा आहे, ॲपलच्या मॅकवर वरच्या पट्टीत उजवीकडे आहे, म्हणून त्यांनी तो तिसऱ्या घरातही असणार असे गृहीत धरले. तिथे दारच लिंपलेले. खिडकी मिटली की प्रोग्रॅम आत चालूच, पण त्याला परत बोलवायला जागा नाही. म्हणजे जी लपवाछपवी थांबवण्यासाठी कोनाडा बुजवला, ती थांबली नाहीच. आधी माळ्यावरच्या पाहुण्याचा खोकला तरी ऐकू येत होता. आता तोही बंद झाला.

एका अक्षराची किंमत

माझ्या धंद्यातले उदाहरण याहून लहान आहे, पण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना ते ठाऊक असेल. आपण एकाच कळफलकावर दोन लिप्या चालवतो. मराठी इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘म’ हा इंग्रजी ‘सी’च्या कळीवर आहे, ‘र’ ‘जे’वर, काना ‘ई’वर. समोर मूळ पुस्तक ठेवून, पडद्याकडे न पाहता टंकत गेले आणि कळफलक इंग्रजीवर राहिला असेल, तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी सी, जे, ई, मग एक अवतरणचिन्ह आणि शेवटी आर असली खिचडी पडद्यावर शिजते. म्हणून टंकायला बसण्यापूर्वी माझी नजर आधी कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेकडे जाते. दोन-तीन अक्षरांची ती खूण. इंग्रजीतच आयुष्य काढणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. चिनी, जपानी, तमिळ, मराठी लिहिणाऱ्याला तिच्यावाचून चालत नाही.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की कोनाडा बुजवणाऱ्या ‘ग्नोम’नेही ही खूण काढली नाही. उलट २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, भाषा बदलण्याची सोय त्यांनी आपल्या डेस्कटॉपच्या अंगातच मुरवून घेतली आणि तिची खूण स्वतः नीटनेटकी रेखून वरच्या पट्टीत बसवली. आवाज, बॅटरी, इंटरनेट यांनाही तिथे कायमची जागा आहे. म्हणजे स्थिती सतत दिसली पाहिजे हे त्यांनाही मान्य आहे. वाद उरतो तो एवढाच, की ‘घरचे’ कोण आणि ‘बाहेरचे’ कोण, आणि हे ठरवणार कोण?

भाषेची खूण घरची झाली याचा मला आनंदच आहे. पण हिशेबनीस काकांच्या लेखी ढगावरची टिकली घरची आहे. घरून ऑफिसचे काम करणाऱ्या मुलीला आपली जोडणी सुरक्षित मार्गाने चालली आहे की उघड्यावरून, हे दाखवणारे कुलूप घरचे आहे. दूर कुठे तरी बसलेला डेस्कटॉपचा कारागीर कितीही कुशल असला, तरी कुणाच्या घरात कुठली वस्तू हाताशी हवी हे त्याला तिथून कसे दिसावे?

मधली वाट होती, आहे

भांडण दोन टोकांचे असले, तरी मधली वाट कुणाला सुचली नव्हती असे नाही. ‘केडीई’वाल्यांनी एक निराळी पद्धत काढली आणि त्याच धर्तीवर ‘उबुंटू’ने २०१० मध्ये आपली चिन्हे आणली. तिचे तत्त्व साधे आहे. प्रोग्रॅमने स्वतःची खिडकी आणायची नाही. त्याने फक्त माहिती सांगायची: माझे नाव हे, माझी स्थिती ही, मला लक्ष हवे आहे किंवा नको, माझी यादी ही. चित्र कुठे, केवढे, कुठल्या रंगात काढायचे आणि टिचकी मारल्यावर यादी कशी उघडायची, हे डेस्कटॉप ठरवणार. भाडेकरूने नाव सांगायचे; पाटी सोसायटीच्या ठरलेल्या आकाराची, ठरलेल्या जागी. यातून रंगांची आणि आकारांची बेबंदशाही बरीच आटोक्यात येते. पाटीमागे मजकूर असल्यामुळे, डोळ्यांनी अधू माणसाला वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही तो वाचता येण्याची शक्यता निर्माण होते.

आणि गेल्या काही वर्षांत वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे तेही पाहा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गूगलने मोबाइलवर नियम कडक केला, की पडद्याआड दीर्घकाळ काम करत राहायचे असेल तर ते उघडपणे, दिसणाऱ्या सूचनेसह करा. २०२० मध्ये आयफोनवर माइक चालू असला की नारिंगी आणि कॅमेरा चालू असला की हिरवा ठिपका दिसू लागला. २०२१ मध्ये अँड्रॉइडवरही तशी हिरवी खूण आली. मार्च २०२३ मध्ये खुद्द ‘ग्नोम’ने आपल्या झटपट सोयींच्या खिडकीत ‘पडद्याआड चालू असलेले प्रोग्रॅम’ अशी यादी आणली. खिडकी मिटूनही आत कोण बसले आहे ते तिथे कळते आणि त्याला तिथूनच निरोप देता येतो. ती यादी सगळेच प्रोग्रॅम दाखवते असे नाही, आणि ती उघडून पाहावी लागते. पण भिंत लिंपणाऱ्यांनीच त्या भिंतीला झरोका पाडला, हे मान्य करायला हवे.

‘मग ज्यांना कोनाडा हवा त्यांनी जोडपट्टी बसवून घ्यावी,’ हे उत्तर नेहमी दिले जाते. ते तरुण, हौशी माणसासाठी ठीक आहे. पण ‘ग्नोम’ची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, आणि दर वेळी जोडपट्टीच्या कर्त्याला ती नव्याने जुळवून घ्यावी लागते. त्याला सवड झाली नाही तर फळी निखळते. जी वस्तू रोज लागते ती घराच्या नकाशात असावी. कुणाच्या तरी सवडीवर आणि चांगुलपणावर टांगलेली नसावी.

तेव्हा, असावा का?

माझे उत्तर स्पष्ट आहे. डेस्कटॉपने या चिन्हांना जागा द्यावी, स्वतः द्यावी, आणि अटींवर द्यावी.

पहिली अट म्हणजे ‘मी आहे’ एवढेच सांगणाऱ्याला जागा नाही. बदलणारी स्थिती असेल तरच पाटी. दुसरी, कोनाड्यात यायचे तर विचारून यायचे. मोबाइलवर कॅमेरा वापरण्यापूर्वी जशी परवानगी मागतात तशी इथेही मागावी, आणि एकदा ‘नको’ म्हटले की पुढच्या सुधारणेनंतर गुपचूप परत येऊ नये. तिसरी, चित्र डेस्कटॉपने काढावे, वागणूक सगळ्यांची सारखी असावी आणि आकार वापरणाऱ्याला वाढवता यावा. लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही, म्हणून नुसता रंग बदलून भागवू नये. टिकली आणि फुली असा आकारही बदलावा. चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. चिन्ह झाकण्याची मुभा मला असावी, पण आत चालू असलेल्या प्रोग्रॅमची पूर्ण यादी माझ्यापासून कुणीही झाकू नये.

यात कारागिरांचे काम वाढते, हे मला दिसते. खुल्या प्रणाली बांधणारे पुष्कळ जण पदरमोड करून, रात्री जागून काम करतात; फुकटात घर वापरायचे आणि वर कोनाड्यावरून कटकट करायची, याचा त्यांना राग येत असेल तर तोही समजण्यासारखा आहे. नीटनेटक्या, शांत पडद्याचा त्यांचा ध्यासही खोटा नाही. पण सपाट भिंत पाहुण्यांना जितकी सुंदर दिसते तितकी ती राहणाऱ्यांना सोयीची असतेच असे नाही.

कारागीर काय करायचे ते करतील. तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो. आज रविवार आहे, घरातला संगणक थोडा वेळ तरी रिकामा असेल. विंडोज असेल तर घड्याळाशेजारच्या त्या बाणावर टिचकी मारा. बाहेर येणाऱ्या प्रत्येक चित्रावर माऊसचा बाण नुसता ठेवा. बहुतेकांचे नाव दिसेल. ते कोण, कशासाठी आले आहेत, हे घरातल्या मुलाला किंवा मुलीला विचारा. एखादे त्यांनाही ओळखू येणार नाही, त्याची चौकशी आधी करा. खालच्या पट्टीवर उजवी टिचकी मारली की तिची मांडणी बदलण्याची सोय सापडते. प्रत चढवणारा, राखण करणारा, भाषा दाखवणारा असे जे खरेच रोज पाहायचे आहेत, ते तेवढे बाहेर काढून ठेवा. बाकीच्यांपैकी ज्यांची गरज नाही त्यांना नुसते झाकू नका. संगणकातूनच निरोप द्या. आणि घरात वडीलधारे कुणी तो संगणक वापरत असेल, तर कुठल्या चित्राचा काय अर्थ, ते चित्र दिसेनासे झाले तर कुणाला हाक मारायची, हे एका कागदावर ठळक अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवा.